हेमलताच्या नावावर

“ह्या दोघीतली मेली कोनती?”

आमचं नाटक ठरवलेल्या गावमंडळाच्या गहाणेंनी ऑफिसच्या भिंतीवरच्या पोस्टरवर बोट ठेवून विचारलं. पोस्टरच्या मधोमध माझ्या थोरल्या बहिणीचा, हेमलताचा चेहरा होता. सुपाएवढा मोठा, नाकात नथ, डोळे वटारलेले. खाली डाव्या कोपऱ्यात बांगडीएवढ्या गोलात मी होते आणि गोलाखाली बारीक अक्षरांत ‘कु. इंदू नन्नावरे’. गहाणेंचं बोट आधी मोठ्या चेहऱ्यावर टेकलं, मग घसरत खाली गोलावर आलं आणि तिथं थांबलं.

मी समोरच्या बाकावर बसले होते. अंगावर ताईची जांभळी साडी होती, भांग ताईसारखा मधोमध पाडलेला होता. मेली ती ताई होती. त्याच आठवड्यात, नागपूरच्या दवाखान्यात. ते तिघांनाच माहीत होतं. मला, मागच्या खोलीत पडलेल्या मायला आणि आमच्या कंपनीचे मालक लांजेवारभाऊ यांना.

“बसा तं जी आधी,” लांजेवारभाऊ म्हणाले. “मयतीले आल्यासारके उभे काऊन? च्या सांगतो.”

“च्या मांगून,” गहाणेंबरोबर आलेला देवराव म्हणाला. हा तरुण होता, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. “आधी सांगा. आमच्या गावचा पोट्टा नागपूरले मोठ्या दवाखान्यात वॉर्डबॉय हाये. तो काल घरी आला. म्हने, नन्नावरेबाईची नाटकातली पोरगी मेली, मी सोता स्ट्रेचर ओढलं. आता नन्नावरेबाईच्या नाटकातल्या पोरी दोन. आमी पैसे कोनाचे देल्ले?”

“हेमलताचे,” भाऊ म्हणाले.

“मंग हेमलता कुठी हाये?”

भाऊंनी माझ्याकडे हात केला. इतक्या सहज की जणू घड्याळात किती वाजले ते दाखवत होते.

ज्यांनी झाडीपट्टीचं नाटक पाहिलं नाही, त्यांच्यासाठी हा धंदा थोडा सांगायला हवा. पूर्व विदर्भात धान कापून झालं की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि पटाच्या रात्री गावात नाटक लागतं. नाटक बसवणाऱ्या कंपन्यांची दुकानं वडशाला. दुकानंच म्हणायची, कारण गावची मंडळं जीपगाड्या करून येतात आणि साड्या पाहाव्या तशी पोस्टरं पाहतात. नाटकाचं नाव काय हे ते नंतर विचारतात. आधी विचारतात, “लेडीज कोन?” आवडलं की तारीख बांधायची, इसार म्हणजे आगाऊ पैसे द्यायचे. मग मंडळ आपल्या गावाभोवती भोंगा लावून गाडी फिरवतं, त्या बाईच्या नावावर तिकिटं खपवतं. त्याच रात्री शेजारच्या गावात दुसऱ्या कंपनीचं नाटक असतं, दुसऱ्या बाईच्या नावाचं. लोक बैलगाड्या जुंपून कुठल्या दिशेला निघतील, हे नावावर ठरतं. ठरलेली बाई आली नाही तर मंडळ कपात करतं, कधी कधी अख्खा प्रयोगच बुडतो.

ताईला हा हिशोब माझ्यापेक्षा फार आधी कळला होता. “नाव आधी विकल्या जाते, इंदू,” ती म्हणायची. “मानूस मांगून पोचते.” पोस्टरवर आपला चेहरा खलनायकापेक्षा लहान छापला म्हणून एका सीझनला ती भाऊंशी भांडली होती, आणि सगळी पोस्टरं पुन्हा छापून घेतली होती. भाऊ तिला कंपनीची लक्ष्मी म्हणायचे. ती म्हणायची, लक्ष्मीले पायी चालवू नका, जीपमदी पुढं बसवा.

तिला लहानपणापासून सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. आमच्याकडे घरोघर तो आहे, त्यात नवल काही नाही. थंडी वाढली की तिचे सांधे असे दुखायचे की ती उशी दातात धरायची, आणि आमचा सीझन नेमका थंडीतला. तरी दरवर्षी ती उभी राहायची. त्या वर्षी पोळ्यालाच तिनं भाऊंकडून अख्ख्या सीझनचा इसार उचलला आणि घरावर स्लॅब टाकला. मातीचं घर पडलं तेव्हा माय अंगणात उभी राहून हसत होती. ताई म्हणाली, “आता पाऊस येऊ दे म्हना, वऱ्हांड्यात बसून पाहू.”

दिवाळीनंतर चार-दोन प्रयोग झाले आणि ती पडली.

दवाखान्यात तिनं मला समोर उभं केलं आणि ‘उंबरठ्यावरचा निखारा’मधली तिची भूमिका माझ्याकडून म्हणवून घेतली. मी त्याच नाटकात नणंदेचं काम करत होते. शब्द मला कानानं पाठ होतेच. तसंही आमच्याकडे रंगमंचापुढच्या खड्ड्यात प्रॉम्प्टर बसलेला असतो, शब्दांची भीती नसते. ताईला शब्द नको होते. “हात कंबरेवर आधी नाई, मांगून,” ती सलाईनच्या हातानं दाखवायची. “आधी पाय. पाय टाकला की पब्लिकले समजते आता काई होते म्हनून.” शेजारच्या खाटेवरची म्हातारी टाळ्या वाजवायची. नर्स ओरडायची, हा वॉर्ड आहे की पेंडाल. ताई तिला म्हणाली, “सिस्टर, पहिल्या रांगेचा पास देतो, बसा.”

“दोन-चार प्रयोग सांभाळ,” ती मला निघताना म्हणाली. “मी आलीच. पन माही चाल जपून वापर हो. मले ते वापस पायजे.”

मी सांभाळले. भोंग्यावर तिचं नाव गाजायचं आणि पिवळ्या दिव्यांत मी उभी राहायचे. आमच्या दोघींत उंचीचा बोटभर फरक, नाक एकच, आवाज एकाच घरातले. मळवट भरून, नथ घालून दुरून पाहिलं तर सख्ख्या आईला फरक कळला नसता. माझं नणंदेचं काम भाऊंनी ब्रह्मपुरीच्या एका मुलीला दिलं. कंपनीतल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. कोणी बोललं नाही, कारण प्रत्येकाची चूल त्याच तारखांवर पेटत होती आणि ताई येणारच होती.

एका पहाटे प्रयोगावरून परत येताना भाऊंनी जीप वडशाकडे न वळवता सरळ नागपूरला नेली. वॉर्डच्या दाराशी माय पिशवी घेऊन बसली होती. पिशवीत ताईचे कपडे घडी घालून ठेवले होते. मी अजून तोंडावरचा रंग पुसला नव्हता.

घाटावर आम्ही तिघंच होतो. माय रडली नाही. सगळं उरकल्यावर भाऊ तिच्यासमोर उकिडवे बसले आणि खाली पाहत म्हणाले, “बाई, होळीपर्यंत, सीझन सरेपर्यंत, हे गोष्ट बाहेर नाई गेली तं बरं होईल. हे माह्या एकट्यासाठी नोहे. वीस घरं हायेत.” मी म्हणाले, भाऊ, आज तरी नको. माय मात्र पिशवी मांडीवर ओढत म्हणाली, “तिनं इसार घेतला हाये ना?”

“हो.”

“मंग,” माय म्हणाली आणि पिशवी उचलून उभी राहिली.

भाऊ वाईट माणूस नव्हते. घाटाचा सगळा खर्च त्यांनी केला आणि पुढं कधी त्याचा उल्लेख केला नाही. पण त्या दिवशी आमच्या घरात रडायचीही सोय उरली नाही. दारात बसलं की शेजारणी विचारणार, काय झालं. म्हणून भाऊंनी आम्हा दोघींना वडशाला आणून कंपनीच्या ऑफिसमागच्या खोलीत ठेवलं. आणि तिथंच गहाणे आणि देवराव येऊन उभे राहिले.

“हे हेमलता?” देवराव मला न्याहाळत म्हणाला. “मांगच्या सालची हेमलता भरून होती जी थोडी.”

“बहीण मेल्यावर मानूस वाळते,” भाऊ म्हणाले. ते वाक्य त्यांच्या तोंडून गेलं आणि मग माझ्या लक्षात आलं की उत्तर देऊन झालं होतं. पोस्टरच्या कोपऱ्यातला गोल मेला होता.

देवराव हटला नाही. “बाई, राग नका मानू. आमाले ह्या तिकिटाच्या पैशातून देवळापुढचा सभामंडप बांधाचा हाये. तिकिटं तुमच्या नावावर गेली, शेजारी सोनटोल्याले नागपूरची बाई येऊन रायली. उद्या लोकं म्हनन, मंडळानं डुप्लिकेट आनली, तं मले गावात फिरनं मुश्कील. म्हनून दाखवा ना जरा. तो दाराचा डायलॉग.”

“देवराव,” गहाणे म्हणाले, “दुःखातल्या बाईले नाचवतं का गा?”

“नाचा कोन म्हनून रायला, काका? दोन वाक्य.”

लांजेवारभाऊ माझ्याकडे पाहत नव्हते. ते कपाटावरच्या गणपतीकडे पाहत होते. मी उठले. पदर खोचला. आधी पाय टाकला, मग हात कंबरेवर ठेवला.

“धनाजीराव! ह्या उंबरठ्याच्या आत मी सून म्हणून आले, बाहेर जाईन ती मालकीण म्हणूनच! दार उघडा. नाही तर हा निखारा पदरात घेईन, आणि जळेल ते तुमचं घर असेल!”

बाहेर रस्त्यावर सायकलवाला थांबला. शेजारच्या कंपनीच्या ऑफिसातून कोणीतरी “वा हेमाबाई!” अशी आरोळी दिली. गहाणेंनी डोळे मिटले होते. मीही त्या क्षणी खूश झाले होते, हे लपवण्यात अर्थ नाही. त्याआधी कधीच तो पाय इतका नेमका पडला नव्हता.

“हेच,” गहाणे म्हणाले. “हेच हाये.”

“आवाज तं बहिनीबहिनीचा सारकाच रायते,” देवराव म्हणाला. पण त्याचा जोर कमी झाला होता. “एक काम करू. मायले इचारू. माय खोटं नाई बोलनार.”

“तिले काऊन त्रास देता?” भाऊ म्हणाले. “ती झोपली हाये.”

“मी नाई झोपली,” माय म्हणाली.

ती मधल्या दारात उभी होती. केव्हा आली, कोणालाच कळलं नव्हतं. तिनं डोक्यावरून पदर घेतला होता आणि एका हातानं चौकट धरली होती. गहाणेंनी टोपी काढली. वयानं ते मायएवढेच असतील. त्यांनी फार हळू विचारलं, “माय, माफ करजा. कोनती गेली?”

माय माझ्याकडे पाहील असं मला वाटलं होतं. तिनं पाहिलं नाही. ती पोस्टरकडे पाहत राहिली, मधल्या मोठ्या चेहऱ्याकडे. मला आठवतं, मी मनातल्या मनात म्हणत होते, सांग. सांगून टाक, हेमा गेली. स्लॅब विकू, इसार फेडू, मी कुणाच्या धानात मजुरीला जाईन. तिनं एकदा तोंड उघडलं असतं तर मी तिथंच मोकळी झाले असते, आणि ताईसुद्धा.

“लहानी,” माय म्हणाली.

“इंदू?”

“इंदू. माही इंदू गेली.”

आणि मग ती चौकटीला धरून खाली बसली आणि रडायला लागली. दवाखान्यात नाही, घाटावर नाही, जीपमध्ये नाही, पण तिथं, दोन परक्या माणसांसमोर, तिनं असा हंबरडा फोडला की रस्त्यावरचे लोक दाराशी जमा झाले. “माही इंदू व! माह्या हातातून गेली व! पानी पानी करत गेली, इंदू व!” ताई पाणी मागत गेली, हे मला तेव्हा कळलं. तोवर मायनं मला ते सांगितलं नव्हतं.

मला तिच्या गळ्यात पडायचं होतं. पण देवराव बघत होता. मी मेले असते तर ताईनं काय केलं असतं, हे मला दोन श्वासांत ठरवायचं होतं. ताई रडली नसती. ताईनं आधी सगळ्यांचं पाहिलं असतं. मी उठून माठातलं पाणी आणलं, मायच्या तोंडाला लावलं आणि ताई बोलायची तशा आवाजात म्हणाले, “माय, पे. आता पे.”

देवराव बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि खिशातली पेनं त्यानं हातात घेतली होती, काय करावं न सुचून.

“चुकलं माहं,” तो मला म्हणाला. “ताई, चुकलं.”

त्यानं मला ताई म्हटलं.

गहाणे निघताना भाऊंना म्हणाले, “पोरगी जाऊन आठ दिवस नाई झाले अन् तुमी नाटक करता?”

“तारीख बांधली हाये ना जी.”

“बांधली हाये. पन आमच्या गावची एक रीत हाये. कलाकार मानूस गेला अन् त्याची कंपनी आमच्याकडे आली, तं पडदा उघडण्याच्या आधी गाव उभं रायते. मायले घेऊन या. तिले समोर बसवू.”

भाऊंनी टाळायचा प्रयत्न केला. मायची तब्येत, थंडी, प्रवास. गहाणेंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “शाल आमी देऊ.”

त्यांचं गाव कोसमटोला. निघण्याआधी भाऊंनी कंपनीतल्या सगळ्यांना खरं काय ते सांगून तोंड बंद ठेवायला बजावलं होतं. शंकरपटाची धूळ अजून हवेत होती, पेंडालात धानाचा पेंढा अंथरला होता आणि तो पार मागच्या बांधापर्यंत भरला होता. बायकांची बाजू दोरीनं वेगळी केलेली. तिथं अगदी पुढं, रंगमंचाला लागून, मायला सतरंजी टाकून बसवलं होतं. अंगावर मंडळाची शाल. मी पूर्ण रंगात, नथ घालून, विंगेतून तिला पाहत होते. ती कुठंच पाहत नव्हती.

देवरावनं माईक हातात घेतला. त्यानं मला रंगमंचावर बोलावलं, लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि त्यानं हात वर करून त्या बंद केल्या.

“बंधूभगिनींनो,” तो पुस्तकी मराठीत बोलू लागला, “आपल्या लाडक्या नायिका हेमलताबाई आज आपल्या धाकट्या भगिनीच्या वियोगाचं दुःख पोटात घालून आपल्यासमोर उभ्या आहेत. रंगभूमीची एक उमलती कळी, कुमारी इंदू नन्नावरे, आपल्यातून निघून गेली. तिच्या आत्म्याला शांती मिळो म्हणून आपण सर्वजण दोन मिनिटं उभे राहू.”

चार भोंग्यांतून माझं नाव गेलं. शेतांवरून पलीकडच्या टेकडीला लागून ते परत आलं. माझं नाव तोवर इतक्या मोठ्यानं कोणी घेतलं नव्हतं.

सगळे उठले. पेंढ्याचा एक मोठा आवाज झाला आणि मग काहीच नाही. म्हातारे काठ्या टेकून उभे, बायका कडेवरच्या पोरांची तोंडं दाबून उभ्या. दुरून जनरेटर तेवढा ऐकू येत होता. ह्यातला प्रत्येक जण ताईसाठी तिकीट काढून आला होता. प्रत्येकानं तिला मागच्या वर्षी डोळे भरून पाहिलं होतं, तिच्या नावानं बैल जुंपले होते. ती मेली होती आणि ते उभे होते, आणि त्यांना ते माहीत नव्हतं. मी हात जोडून मान खाली घातली आणि मनात म्हणाले, ताई, हे सगळे तुझेच आहेत, घे. पण शब्द पोचले असं वाटलं नाही. भोंग्यात नाव माझं होतं.

त्या दोन मिनिटांत फक्त माय बसून होती. आई-वडील उभे राहत नाहीत, म्हणे.

पडदा उघडला, नाटक झालं. त्या वर्षीचं सगळ्यात चांगलं झालं, असं लोक म्हणाले. देवरावनं पुढच्या सालची तारीख तिथल्या तिथं बांधून घेतली, हेमलताच्याच नावावर. होळी झाल्यावर मी भाऊंकडे गेले आणि म्हणाले, आता माझं नाव मला द्या. “इंदू तं गेली म्हनून गावोगाव झालं,” ते म्हणाले. “लोकं उभे रायले तिच्यासाठी. आता तिले कुठून आनू मी? अन् हेमाले कवा मारू?” पुढचं पोस्टर छापलं, त्यावर मधोमध माझा फोटो होता आणि खाली ताईचं नाव. कोपऱ्यातला गोल काढून टाकला होता. त्या नावावर मी बरेच सीझन केले. चांगलं जगले. स्लॅबवर वरची खोली चढवली. माय मला चारचौघांत हेमा म्हणायची, मग घरातही तेच तोंडात बसलं. मी तिला कधी टोकलं नाही. ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली.

मी तिला टोकलं नाही याचं कारण कोसमटोल्याचं मध्यंतर आहे.

पहिले अंक संपून मध्यंतर झालं तेव्हा मी रंगमंचाच्या बाजूच्या कापडाला टेकून बसले होते. कापडाच्या पलीकडे, हातभर अंतरावर, बायकांची बाजू. गावच्या बायका मायभोवती जमल्या होत्या. कोणी तिच्यापुढं चिवड्याचा कागद धरला होता, कोणी चहाचा पेला. त्यांना जे विचारायचं असतं ते त्या विचारत होत्या.

“आजारी होती का व, माय?”

“लहानपनापासून,” माय सांगत होती. “थंडी लागली की हातपाय धरून घे. मी चुलीवर मिठाची पुरचुंडी शेकत बसू रातभर.”

ते ताईचं होतं. मला एकदाही शेकावं लागलं नव्हतं.

“मायबाई! अन् तरी नाटकात काम करे?”

“भारी खट होती. कोंबड्याले भेवायची फक्त. कोंबडा दिसला की माह्या लुगड्यात. अन् शाळेत मास्तरची नक्कल करे, तं मास्तर सोता खिडकीतून पाहून हासे.”

तेही ताईच. मी कापडाला कान लावला. माय तिच्याबद्दल पहिल्यांदाच कोणाशी बोलत होती. नाव माझं लावून का होईना, माझ्या बहिणीचं कोणीतरी ऐकत होतं. मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला रडू आलं, आणि रंग ओघळू नये म्हणून मी मान मागं टाकून बसले.

“लाडाची होती म्हनजे,” एक म्हातारी म्हणाली.

“एकदा मोहफुलं वेचाले नेली,” माय म्हणाली. “सकारी सकारी. एवढीशी होती. मी फुलं वेचून रायली, पाहतो तं हे टोपल्यातच झोपली. अर्धं टोपलं फुलं अन् वर हे. मंग मी काय करतो? फुलं खाली ओतली अन् तिलेच डोक्यावर घेऊन आली. मोठी माह्या बोटाले धरून, अन् हे टोपल्यात.”

बायका हसल्या. मायही थोडी हसली. तो आवाज मी ओळखला.

मोठी बोटाला धरून चालत होती. टोपल्यात मी होते.

कापडापलीकडे कोणीतरी हसतच विचारलं, “मंग उठली कवा?”

रंगमंचापुढच्या खड्ड्यात प्रॉम्प्टर खाली उतरला, दिवे पुन्हा पिवळे झाले, भाऊ मला हातानं बोलावू लागले.

“घरी आनून निजवली,” माय म्हणाली, “तरी नाई उठली.”